वाचकांचे प्रश्न: आजारी पिल्लू आणि ग्राहकाचा हक्क

प्रश्न: ब्रीडरकडून आठ आठवड्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. दुसऱ्याच रात्री उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी पार्व्हो (कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार) सांगितला, सध्या ते सलाइनवर आहे. ब्रीडर म्हणतो, "मी दिलं तेव्हा ठणठणीत होतं, लागण तुमच्याच घरी झाली." पावतीवर 'विकलेले पिल्लू परत घेतले जाणार नाही' असं छापलंय. आता काय करता येईल?

उत्तर: उपचार आधी. ब्रीडरचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. पार्व्होत पिल्लू शरीरातलं पाणी कमी होऊन हातचं जातं, आणि तुम्ही उशीर केलात तर समोरचा वकील नेमकं तेच पुढे करील.

तुमची बाजू भक्कम आहे ती तारखांमुळे. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. दुसऱ्या रात्री आजारी पडलेलं पिल्लू बहुधा लागण घेऊनच तुमच्या घरी आलं. हेच दहाव्या दिवशी झालं असतं, तर वाद घालायला ब्रीडरला जागा राहिली असती. म्हणून डॉक्टरांकडून नुसतं बिल घेऊ नका, लेखी प्रमाणपत्र मागा. पिल्लू कधी आणलं, पहिलं लक्षण कधी दिसलं, कोणती तपासणी केली आणि लागण विक्रीच्या आधीची असावी का, हे चारही मुद्दे त्यात हवेत.

शौचाच्या किट तपासणीचा निकाल जपून ठेवा, पण एवढ्यावरच भिस्त ठेवू नका. नुकतीच लस दिली असेल तर काही दिवस हीच तपासणी फिकट पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि ब्रीडर तो मुद्दा नक्की काढेल. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी घसरलेल्या दिसल्या तर निदानाला जोर येतो. लसीचं कार्डही नीट बघा. स्टिकरवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. नुसता स्टिकर चिकटवलेला, सहीची जागा कोरी, अशी कार्डं सर्रास दिली जातात. लगेच फोटो काढून ठेवा.

पावतीवरच्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. जीव असलेल्या पिल्लाला 'माल' म्हणणं जिवावर येतं, पण कायद्याच्या लेखी ते जंगम मालमत्तेत मोडतं आणि त्यामुळेच तुम्हाला दाद मागता येते.

शिवाय श्वान प्रजनन व विक्रीचे 2017 चे केंद्रीय नियम आहेत. ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. विक्रीआधी लस आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक लेखी मागा. तो मिळाला नाही तर मंडळाकडे तक्रार करा. त्यातून पैसे परत मिळणार नाहीत, पण ग्राहक आयोगात त्या तक्रारीची प्रत उपयोगी पडते.

आजच ब्रीडरला व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्र आणि पिल्लाचा व्हिडिओ पाठवा, फोनवर भांडू नका. मग स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस द्या: पिल्लाची किंमत, उपचारखर्च, 15 दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, ऑनलाइनही करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तरी थांबू नका. पैसे रोख दिले असतील तर चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद, जे असेल ते जोडा.

"परत आणून द्या, दुसरं देतो" असं ब्रीडर म्हणेल. आजारी पिल्लू त्याच्या हवाली करू नका. पुरावा जाईल आणि पिल्लाचे उपचारही तुटतील. दुर्दैवाने ते दगावलंच, तर देह फ्रीजरमध्ये नको. गोठल्याने पेशी खराब होतात. थंड जागी ठेवून शक्य तितक्या लवकर, 24 तासांच्या आत शवविच्छेदन करून घ्या.

प्रश्न: माझी मुलगी कॅलिफोर्नियात आहे. तिने घेतलेल्या पिल्लाच्या हृदयात जन्मजात दोष निघाला. तिथे काय नियम आहेत?

उत्तर: तिथे यासाठी वेगळाच कायदा आहे, पण तो गेल्या 12 महिन्यांत तीन किंवा अधिक वेतांतली पिल्लं अथवा 20 किंवा अधिक कुत्री विकणाऱ्या ब्रीडरलाच लागू होतो. संसर्गजन्य आजारासाठी 15 दिवस आणि जन्मजात किंवा आनुवंशिक दोषासाठी एक वर्ष, एवढ्या अवधीत पशुवैद्याचं लेखी मत हवं. निदान झाल्यापासून पाच दिवसांच्या आत ब्रीडरला कळवावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. पर्याय तीन: पिल्लू परत करून पैसे घ्यायचे, बदली पिल्लू घ्यायचं, किंवा तेच ठेवून किमतीच्या दीडपटीपर्यंत उपचारखर्च वसूल करायचा. पिल्लाचा लळा लागला असेल तर तिसरा पर्यायच तिला घेता येईल. निदानाची तारीख आधी तपासायला सांगा.