गटात काम करताना माणूस एकट्यापेक्षा कमी जोर का लावतो?

लावतो खरा, आणि दर वेळी आळसामुळेच असं नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता (निष्कर्ष छापले १९१३ मध्ये). आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा भरला. त्याचा भर ताळमेळावर होता: सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण १९७४ मध्ये अमेरिकेत लोकांचे डोळे बांधून ‘मागे आणखी माणसं आहेत’ एवढंच सांगितलं. मागे कोणीच ओढत नव्हतं, तरी जोर घटला! म्हणजे ‘माझं कोण मोजतंय’ हेही त्यात आहेच.

आपल्याकडच्या सावडीत, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याच्या रीतीत, हे फारसं चालत नाही. खुरपणीला प्रत्येकीची पात (वाट्याची ओळ) वेगळी असते. कोणाची मागे पडली ते बांधावरूनही दिसतं. शिवाय आज ती माझ्या रानात, उद्या मी तिच्या. अंगचोरपणा केला तर परतफेडही तशीच होते. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये मात्र पाच नावं आणि एकच फाइल. तिथे कोणाची पात कोणती, कसं कळणार?