नव्या टेक कायद्याच्या मसुद्यावर कोणी काय सूचना दिल्या, हे आपल्याला बघायला मिळतं का? आणि आपण पाठवलेली सूचना कोणी वाचतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बहुतेक वेळा नाही. दुसऱ्याचं मलाही हवंय, मिळालं तर कळवा.

मी आणि आणखी चार जण मिळून शाळा आणि क्लासेससाठी हजेरी-फीचं सॉफ्टवेअर चालवतो. म्हणजे हजारो पोरांची नावं, पालकांचे फोन नंबर, कोणाची फी थकलीय, सगळं आमच्याकडे. त्यामुळे मध्यंतरी डेटा सांभाळण्याबद्दलच्या एका मसुद्यावर सूचना मागवल्या तेव्हा म्हटलं आपणही लिहू. कुठलं खातं आणि कुठलं साल ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे उत्तर माझे थोरले दीर वाचतील अशी दाट शक्यता आहे आणि गोष्ट त्यांचीच आहे.

तीन रविवार घालवले मी त्या सूचनांवर. सर्व्हरमधून डेटा बाहेर गेला तर पालकांना थेट, त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं बंधन घाला, नुसतं सरकारला रिपोर्ट पाठवून भागणार नाही. आणि बाहेरून ऑडिट करून घ्यायची सक्ती पाच माणसांच्या कंपनीवर लगेच लादू नका, टप्प्याटप्प्याने आणा, नाहीतर छोटे लोक धंदा बंद करतील आणि पोरांचा डेटा दोन-तीन मोठ्या कंपन्यांकडेच जाईल. कलम नंबर घालून, पर्यायी वाक्य सुचवून, सगळं नीट लिहिलं. पाठवलं. "आपला अभिप्राय प्राप्त झाला" असा ऑटोमॅटिक मेल आला. बस्स.

दोनेक महिन्यांनी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक पीडीएफ टाकली. आमच्या धंद्यातल्या ज्या संघटनेची मी वर्गणी भरते तिने त्याच मसुद्यावर पाठवलेल्या सूचना. चहा पीत पीत सहज उघडली. चौथ्या पानावर होतं की मान्यताप्राप्त ऑडिटरकडून दरवर्षी ऑडिट सगळ्यांनाच सक्तीचं करावं, आणि पुढे "आमच्या ३४० सदस्यांचा, ज्यात बहुसंख्य छोटे व्यावसायिक आहेत, याला पाठिंबा आहे." त्या ३४० मध्ये मी एक होते! मला कोणी विचारलं नव्हतं, सर्क्युलर नाही, मेल नाही, मीटिंग नाही. कार्यकारिणीतल्या दोघांचा मुख्य धंदाच ऑडिटचा आहे हे मात्र मला माहीत होतं. आणि संघटनेचे सचिव कोण, तर आमचे भाऊजी.

म्हणजे त्या खात्यात माझी दोन मतं पोचली होती. एक माझ्या नावाने, एकटीचं. दुसरं बरोबर उलटं, ३४० जणांच्या गठ्ठ्यात. फाइल चाळणाऱ्या अधिकाऱ्याने कुठलं उचललं असेल, तुम्हीच सांगा.

गणपतीत सगळे एकत्र होतो तेव्हा जेवणं झाल्यावर विषय काढला. भाऊजी म्हणाले, "अगं, प्रत्येकाला विचारत बसलं तर तारीख निघून जाईल. आणि लेखी सूचना वाचतं कोण? बैठकीला बोलावलं होतं ना आम्हाला, तिथे बोललेलंच चालतं." मी म्हटलं, "कुठली बैठक?" तर म्हणे बारा-पंधरा जणांना बोलावलं होतं, निवडक. मी म्हटलं, "मग वर्गणीच्या मेलमध्ये 'प्रत्येकाने आपलं मत जरूर नोंदवा' असं कशाला लिहिलंत?" त्यावर सासूबाईंनी कॉफी कोणाकोणाला हवी ते विचारलं आणि नवऱ्याने फोनमध्ये तोंड घातलं. विषय तिथे थांबला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज केला. त्या मसुद्यावर आलेल्या सगळ्या सूचना, त्या निवडक बैठकीला कोण होतं त्याची यादी, आणि इतिवृत्त. वर आगाऊपणे माझ्या स्वतःच्या सूचनेचीही प्रत मागितली, तिच्यावर काही शेरा मारलाय का बघायला. महिना संपता संपता उत्तर आलं, चार ओळींचं. माहिती 'फिड्युशिअरी' नात्याने म्हणजे विश्वासाने ठेवलेली आहे, कलम ८(१)(ई), देता येत नाही. माझी स्वतःचीसुद्धा नाही! २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की परीक्षा मंडळ उत्तरपत्रिका अशा विश्वासाच्या नात्याने ठेवत नाही, आणि नातं तसं धरलं तरी ज्याच्यासाठी ते आहे त्याच्यापासूनच माहिती दडवता येत नाही. हे मी पहिल्या अपिलात लिहिलं. अपील फेटाळलं. दुसऱ्या अपिलाला गेले नाही, मार्च एंड होता आणि घरात दहावी होती. ही माझी चूक, जायला हवं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, नाहीतर म्हणाल बाईंनी घरचं भांडण इथे मांडलं.

२०१४ सालचं केंद्र सरकारचं धोरण आहे, कायदा करण्याआधी सल्लामसलत कशी करायची याचं. मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्या, आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा वेबसाइटवर टाका असं त्यात लिहिलंय. पण ते धोरण आहे, कायदा नाही, पाळलं नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. डेटा संरक्षणाचंच घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये मसुदा आला तेव्हा नोटिशीतच लिहिलं होतं की सूचना उघड केल्या जाणार नाहीत, लोकांना मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून. २० हजारांहून जास्त सूचना आल्याचं सरकारनेच सांगितलं, पण त्यात काय होतं ते मतं देणाऱ्यालाच ठाऊक. मग ३ ऑगस्ट २०२३ ला विधेयक लोकसभेत मांडलं, ७ ला तिथे मंजूर, ९ ला राज्यसभेत मंजूर, ११ ला राष्ट्रपतींची सही. मसुद्यातलं काय बदललं ते दोन्ही कागद शेजारी ठेवून शोधता येतं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं ते नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कायद्याच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हाही तेच. आणि कडी म्हणजे याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(जे) बदलून वैयक्तिक माहिती नाकारणं आणखी सोपं करून ठेवलंय. कमाल आहे ना.

त्याआधीचं २०१९ चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे होतं, तिथे जरा बरं. समितीने दोन वर्षं घेतली, डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात साक्षीला कोण आलं ते आहे, काही खासदारांची भिन्नमतंही जोडलेली आहेत. ती भिन्नमतं जरूर वाचा, अहवालापेक्षा जास्त कळतं. पण लोकांनी पाठवलेली निवेदनं? संसदीय समित्यांच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की निवेदन समितीच्या रेकॉर्डचा भाग राहील आणि गोपनीय मानलं जाईल. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते विधेयकच मागे घेतलं, झालं.

सगळ्यात भारी किस्सा २०२४ चा. प्रसारण सेवा विधेयकाचा पहिला मसुदा २०२३ मध्ये सगळ्यांसमोर होता, पण सुधारलेला मसुदा फक्त काही निवडक लोकांना दिला, तोही प्रतीवर वॉटरमार्क टाकून, म्हणजे फुटला तर कोणाकडून फुटला ते कळावं. तो फुटलाच. मग बोंबाबोंब झाल्यावर प्रती परत मागवल्या! कायद्याचा मसुदा आहे की बोर्डाचा पेपर?

"असं सगळं उघड ठेवलं तर काम कसं होणार" हे जे भाऊजींचं पालुपद आहे, त्याला उत्तर आपल्याकडेच आहे. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, वर्षानुवर्षं सगळ्या कंपन्यांच्या सूचना वेबसाइटवर टाकते, वर त्यांच्यावर प्रतिसूचनाही मागवते. एअरटेल काय म्हणालं, जिओ त्याला काय म्हणालं, सगळं घरबसल्या वाचा. टेलिकॉम काही बंद पडलेलं नाही. ट्रायच्या कायद्यात कलम ११(४) मध्ये पारदर्शकतेचं बंधन आहे म्हणून ती टाकते, सगळा फरक तिथेच आहे. २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तर सुचवलं होतं की नियम करण्याआधी सूचना मागवून त्यांचा विचार करायची अमेरिकेसारखी पद्धत संसदेने कायदा करूनच आणावी. अजून आणतायत. युरोपात कमिशनच्या पोर्टलवर अभिप्राय नावासकट दिसतात, नाव नको असेल तर निनावी.

माझं स्पष्ट मत असं की सूचना जाहीर करायची गरज सरकारला पकडण्यासाठी जेवढी आहे त्याहून जास्त आपल्या नावाने बोलणाऱ्यांना पकडण्यासाठी आहे. गुप्तता "लोकांना मोकळेपणाने लिहिता यावं" म्हणून असते म्हणतात. मला कोणी विचारलं? मी तर माझ्या नावानिशी कुठेही चिकटवायला तयार होते. मोकळेपणा मिळाला तो ३४० जणांच्या नावाने वाट्टेल ते लिहिणाऱ्यांना. ती पीडीएफ दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर दिसणार आहे हे माहीत असतं, तर चौथ्या पानावरचं ते वाक्य लिहायची कोणाची छाती झाली असती का?

तर तुम्ही सूचना पाठवाच, पण पाठवल्या दिवशीच स्वतःच्या ब्लॉगवर किंवा कुठेतरी तारखेसकट टाका. कोणत्याही संघटनेचे, असोसिएशनचे, चेंबरचे सदस्य असाल तर वर्गणी भरायच्या आधी लेखी विचारा, गेल्या वर्षी कुठल्या मसुद्यावर काय पाठवलंत, प्रत द्या. नाही दिली तर वर्गणी देऊ नका. सरकारवर आपला जोर चालत नाही, वर्गणीवर चालतो. आणि बैठकीला जाणारा माणूस घरातला असेल तर जेवणाआधी विचारा, जेवणानंतर सगळे सुस्तावलेले असतात.

हे लिहून झाल्यावर आठवलं म्हणून. सरसकट सगळं जसंच्या तसं टाका असं मी म्हणत नाहीये. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी या वादाच्या वेळी दहा लाखांवर ईमेल आले आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल आयडीसकट साइटवर टाकले होते, लोक भयंकर चिडले, बरोबरच होतं. साध्या माणसाचा पत्ता-नंबर झाका, कंपनीचं खरंखुरं धंद्याचं गुपित असेल तेवढा भाग झाका, आपल्याच कंपनीविरुद्ध लिहिणाऱ्या नोकराला निनावी राहू द्या. पण संघटना आणि कंपन्यांना झाकायचं काही कारण नाही. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका, फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक साइट्स फुकट देण्याच्या फेसबुकच्या योजनेच्या वेळी तिच्या बाजूने एकाच साच्यातले लाखो मेसेज आले होते, तरी ट्रायचा फेब्रुवारी २०१६ चा निर्णय त्याच्या उलट लागला. शिवाय मी वकील नाही, अपिलाचा मुद्दा कोणाला तरी विचारून घ्या.

भाऊजींचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात संघटनेचा मेल आला, आयुष्यात पहिल्यांदा, "सूचनांचा कच्चा मसुदा सदस्यांच्या अभिप्रायासाठी." रात्री अकराला पाठवला होता, मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. मी सव्वानऊला सोळा मुद्दे पाठवले, सीसीमध्ये बाकीचे सगळे सदस्य.