दाण्यातला ‘भ्रूण’ आणि पोटातला ‘गर्भ’

प्रश्न असा आहे: गव्हाच्या दाण्यात ‘भ्रूण’ असतो, असं जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. भ्रूण तर आईच्या पोटात असतो. वनस्पतीसाठी ‘अंकुर’ म्हणायला नको का? आणि भ्रूण व गर्भ हे एकच का?

मला इथे ‘भ्रूण’च योग्य वाटतो. अंकुर दिसतो तो बी रुजल्यावर. बी कोरडं असतं तेव्हाही आत रोपाची मांडणी झालेली असते. शेंगदाण्याचं साल काढून त्याच्या दोन पाकळ्या अलग करा, टोकाशी बारीक चोचीसारखा भाग दिसेल. त्यातून मूळ आणि खोड होणार. त्या पाकळ्या म्हणजे बीजपत्रं, आणि तीही भ्रूणाचाच भाग. म्हणजे सालाच्या आतला जवळजवळ सगळा दाणा भ्रूणच! नारळाचं उलट आहे. तिथे खोबरं म्हणजे भ्रूणपोष, भ्रूणाची शिदोरी; खुद्द भ्रूण मऊ डोळ्याखाली इवलासा असतो. शिवाय काही पुस्तकं भ्रूणातल्या कोंब होणाऱ्या भागालाच ‘अंकुर’ म्हणतात. मग अख्ख्या भ्रूणालाही अंकुर म्हटलं तर घोटाळाच होईल.

गहू असो की गाय, फलनानंतर, म्हणजे नर आणि मादी पेशी एक झाल्यावर, सुरुवात एकाच पेशीपासून होते. तिला युग्मनज म्हणतात. ती विभागत जाऊन जो जीव आकार घेऊ लागतो तो भ्रूण. हा शब्द वाढीची अवस्था सांगतो, जागा सांगत नाही. म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

‘गर्भ’ या शब्दात मात्र ‘आत असणं’ मुरलेलं आहे. गाभा, गाभारा, गाभण हे सगळे त्याच्याच कुळातले. ‘गर्भ वाढतो’ म्हणताना तो आतला जीव असतो आणि ‘गर्भात वाढतो’ म्हणताना जागा. बोलण्यात ही लवचीकता मला फार आवडते, पण शास्त्राला ती अडचणीची. म्हणून माणसाच्या बाबतीत काटेकोर लिहिताना फलनापासून सुमारे 8 आठवडे भ्रूण आणि 9व्या आठवड्यापासून जन्मापर्यंत गर्भ, असा भेद करतात.

या हिशेबाने ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दातला ‘भ्रूण’ बहुतेक वेळा गर्भ असतो, कारण सोनोग्राफीत लिंग कळतं ते 8 आठवड्यांनंतरच. तरी तो शब्द बदलू नये. ‘भ्रूण’ ऋग्वेदाइतका जुना आहे, आठवड्यांची ही सीमा अलीकडची.