पहाटे तीनला पातळी शून्य दिसते? आधी डांबर कधी पडलं ते विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ड्रेनेजच्या 12 चेंबरांत पाण्याची पातळी कळावी म्हणून अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर चालणारे) सेन्सर बसवले, त्यातले चार रात्रभर शून्य दाखवतात, पुरवठादार म्हणतो सेन्सर ठणठणीत आहेत, आणि आता साहेब म्हणतात सगळे काढून रडारचे (रेडिओ लहरींवर चालणारे) बसवू. रडारचं नंतर बघू. चालू ड्रेनेज लाइनमध्ये पहाटे तीनलाही पातळी शून्य नसते. कुणाची टाकी वाहत असते, कुठे नळ गळत असतो, सांध्यांतून जमिनीतलं पाणी झिरपत असतं. चार-पाच सेंटिमीटर तरी दिसायलाच हवं. हेच शून्य मी दीड महिना रोज बघत होतो आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मी सिव्हिलचा माणूस. मलनिस्सारणाच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, आता त्या कामात नाही. तुमच्या लाइनचा उतार आणि चेंबरची खोली मला माहीत नाही, तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

आमची लाइन 300 मिलिमीटरची, चेंबर जेमतेम मीटरभर खोल. पाइप 0.8 भरला की इशारा यावा म्हणून 24 सेंटिमीटरला अलार्म लावला होता. सेन्सर मुळात पातळी मोजत नाही, स्वतःपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. सेन्सरपासून चेंबरच्या तळापर्यंतचं अंतर आपण एकदा भरून ठेवतो, त्यातून ते वजा होतं आणि पातळी मिळते. ब्रॅकेट आम्ही झाकणाच्या फ्रेमलाच अडकवला होता, म्हणजे सेन्सर पुसायला कुणाला आत उतरायला नको.

मे महिन्यात त्या रस्त्याचं डांबरीकरण झालं. नवा थर पडला की चेंबर उचलतात, तसा तोही उचलला. फ्रेम 12 सेंटिमीटर वर गेली आणि तिच्याबरोबर आमचा सेन्सरही. तळ मात्र जिथल्या तिथे. त्या दिवसापासून प्रत्येक पातळी 12 सेंटिमीटर कमी दिसू लागली. रात्रीचे 5 सेंटिमीटर म्हणजे हिशेबाने उणे 7, पण सॉफ्टवेअर उणे आकडा शून्य करून दाखवत होतं. दिवसाचे 15 असतील तर 3 दिसायचे. नेमकी त्याच महिन्यात पावसाळ्यापूर्वीची सफाई झाली होती. आम्हाला वाटलं जेटिंग (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने पाइप धुणं) छान झालं, लाइन मोकळी वाहते आहे. मी तसं अहवालातही लिहिलं.

जुलैमध्ये एका रात्री पुढची लाइन तुंबली. अलार्म वाजला पावणेतीनला. स्क्रीनवर 24, चेंबरात प्रत्यक्ष 36, म्हणजे पाइप कधीच गच्च भरून पाणी वर चढत होतं. नंतर आलेखात 12 मिळवून पाहिले, तेव्हा खरे 24 साडेबारालाच झाले होते. सव्वादोन तास गेले. जेटिंगची गाडी पोचेपर्यंत रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली असलेल्या सात घरांत संडासातून मैला उलटा आला होता. एका घरात बाळंतीण होती. तिच्या सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या बादलीने पाणी उपसत राहिल्या. ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

चूक माझी होती, पण रस्त्यांच्या कार्यालयाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कोणत्या रस्त्यावर कधी डांबर पडणार याची यादी द्या, एवढीच मागणी मी तीन वेळा लेखी केली होती. पहिलं पत्र आवक-जावकमध्येच राहिलं, दुसऱ्यावर ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असा शेरा आला, तिसऱ्याचं उत्तर सप्टेंबरात मिळालं, तेही गेल्या वर्षीच्या कामांच्या यादीसह. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, मध्ये एक जिना. त्यापेक्षा रोलरवाल्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला असता तर ती रात्र टळली असती. तुम्ही तो आजच घ्या.

तुमच्याकडे हेच झालंय का ते तपासणं सोपं आहे. पुरवठादाराकडून पातळी नको, कच्चं अंतर मागा. फ्रेम उचलली असेल तर एका दुपारी आलेख एकदम पायरीसारखा बदललेला दिसेल. गाळ हळूहळू साचत गेला तर अशी पायरी पडत नाही, उतार दिसतो. सेन्सरच्या तोंडावर दव, कोळ्याचं जाळं किंवा झुरळ असेल तर आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. मग वरूनच स्टाफ (मोजणीची पट्टी) सोडून तळापासून सेन्सरच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा आणि फोटो काढून ठेवा. उणे आकडा शून्य करायची सोय बंद करायला लावा. उणे पातळी हीच तुमची पहिली तक्रार आहे, ती लपवणारं सॉफ्टवेअर मला नको.

ब्रॅकेट फ्रेमऐवजी खालच्या भिंतीला लावा, पण हात पुरेल तिथेच आणि वरूनच. आत कुणालाही उतरवू नका, पाच मिनिटांसाठीही नको. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकाला येईनासा होतो, माणसाला वाटतं वायू गेला. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली आहे, आणि तरीही ‘जरा बघून ये रे’ म्हणणारे ठेकेदार मी पाहिलेत. तिथे भांडा. ब्रॅकेट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) त्या हवेत टिकत नाही.

आता रडार. दव आणि फेसाच्या बाबतीत ते नक्कीच सरस आहे, पैसे असतील तर घ्या. पण फ्रेमबरोबर तेही 12 सेंटिमीटर वर जाईल आणि तेवढंच खोटं बोलेल. पाणी अगदी जवळ आलं की अल्ट्रासॉनिक आंधळा होतो, त्यासाठी एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून वर आला की चालू होणारा) जोडीला द्या. सिग्नल मिळत नसेल तर सेन्सरला दोष देण्याआधी बिडाचं झाकण बघा, ते रेडिओ लहरी अडवतं.

सादरीकरणांत नेहमी अमेरिकेतल्या साउथ बेंडचं उदाहरण देतात. तिथे शंभरावर सेन्सर आहेत आणि नदीत ओसंडणारं सांडपाणी खरोखर खूप घटलं. पण तिथे पावसाचं पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातो, आणि सेन्सरच्या जोडीला आपोआप हलणाऱ्या झडपा आहेत. आपल्याकडे कागदावर दोन्ही वाहिन्या वेगळ्या, पण गच्चीचे पाइप सर्रास ड्रेनेजला जोडलेले. माझ्या मते आपल्याला आधी तुंबणं पकडायचं आहे, आणि एकट्या चेंबरच्या पातळीवरून ते नीट कळत नाही. लागोपाठच्या दोन चेंबरांत सेन्सर ठेवा. वरच्यात पाणी चढतंय आणि खालच्यात उतरतंय, म्हणजे बोळा मधे आहे. 12 चेंबरांत विखुरण्यापेक्षा सहा जोड्या करा, सखल वस्तीपासून सुरुवात करा.

आणि इशारा जेटिंगच्या गाडीवरच्या माणसाच्या फोनवर जाऊ द्या. आमचा तीस जणांच्या ग्रुपवर जायचा, रात्री तो कुणीच बघत नसे.

त्या चार चेंबरांवर डांबर पडल्याच्या तारखा आणि कच्च्या अंतराचे आलेख इथे टाका, मी बघतो. पाऊस तोंडावर असेल तर तोवर त्या चारांचा अलार्म अंदाजाने 10 सेंटिमीटर खाली आणून ठेवा. खोटे इशारे येतील, माणसं चिडतील, पण गाडी वेळेत निघेल.