पॉलिसी राहू द्या, आधी पेन्शनच्या कागदात मुलाचे नाव घाला

तासगावच्या एका वाचकाचे पत्र आहे. वय ६०, पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त, शेवटचे मूळ वेतन ७० हजार. मुलगा २४ वर्षांचा, तीव्र ऑटिझम, अपंगत्वाच्या दाखल्यावर ८५ टक्के. बोलत नाही, सही करत नाही. निवृत्तीचे २० लाख एफडीत आहेत. 'मुलाच्या भविष्यासाठी' एजंटाने पॉलिसी सुचवली: वर्षाला २ लाख, १० वर्षे भरायचे, मग बाराव्या वर्षाअखेरीपासून २५ वर्षे दरसाल १ लाख ८० हजार. पहिला हप्ता भरून झाला आहे. पुढचे भरू का, एवढाच प्रश्न.

पत्रात जाता जाता एक वाक्य आहे: 'मुलाला २१ पूर्ण झाली होती, म्हणून ऑफिसातल्या क्लार्कने पेन्शनच्या कागदात त्याचे नाव घालू नका म्हणून सांगितले.' खरे नुकसान इथे आहे.

२१ ची अट धडधाकट मुलाला. मानसिक किंवा शारीरिक अपंगत्वामुळे जो स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ प्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळते. तुमच्यानंतर पत्नीला, तिच्यानंतर मुलाला. साधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत २१ हजार. त्यावर महागाई भत्ता धरला तर आजच ३० हजारांच्या पुढे, आणि तो वाढत जाणारा. पॉलिसी देणार महिना १५ हजार, तेही बारा वर्षांनी, न वाढणारे आणि २५ वर्षांत संपणारे. तुमचा मुलगा तेव्हा जेमतेम साठीचा असेल.

तेव्हा निवृत्त झालात त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या: कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव घालून प्रस्ताव महालेखापाल, मुंबई यांच्याकडे पाठवावा. सोबत युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र), जन्मदाखला, लहानपणापासूनचे उपचाराचे कागद आणि सिव्हिल सर्जनपेक्षा खालच्या दर्जाचा नाही अशा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. दाखल्यावर नुसती टक्केवारी पुरत नाही, 'स्वतः उपजीविका करण्यास असमर्थ' हे शब्द हवेत. अडते ते नेमके इथेच. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. प्रत जिल्हा कोषागारातही द्या. हे आज तुम्ही करू शकता. तुम्ही दोघे गेल्यावर पुण्यात असलेल्या तुमच्या मुलीला जुनी फाईल शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. मुलाच्या नावावर ६ लाखांची एफडी आहे आणि बँकेतले ओळखीचे साहेब स्लिपवर त्याचा अंगठा घेतात, असे लिहिता. साहेबांची बदली झाली की हे बंद. कागदावर काय आहे हे ज्याला कळत नाही त्याच्या अंगठ्याला करारात किंमत नसते. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत माहीतच नसते. ऑटिझमसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती पालकत्वाचा आदेश देते, कोर्टात जावे लागत नाही. सांगलीत विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. नवराबायकोने मिळून अर्ज करा, मुलीचे ना-हरकत पत्र जोडा. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तारीख विचारत राहा. आदेश मिळाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी मार्चनंतर तीन महिन्यांत हिशेब. पेन्शन अशा मुलाला पालकामार्फतच मिळते, त्यामुळे हा आदेश बँक आणि पेन्शन दोन्हीकडे लागणार. तुमच्यामागे मुलगी पालक म्हणून अर्ज करील, हे तिच्याशी आताच बोलून ठेवा.

मृत्युपत्र नाही, ते करा. मुलाचा वाटा थेट त्याच्या नावे नको, त्याच्यासाठीच्या न्यासात जाऊ द्या; विश्वस्त दोन ठेवा, एकटी मुलगी नको. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही घ्या. वर्षाला १ लाखापर्यंत खर्च, फी काही शे रुपये, वैद्यकीय तपासणी नाही.

आता पॉलिसी. 'वीस लाखांचे पंचेचाळीस लाख' ऐकायला बरे वाटते, पण हिशेब मांडला तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. तेच २० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आजच्या ८.२ टक्क्यांनी ठेवले तर दर तिमाहीला ४१ हजार, वाट न पाहता. करसवलतीचे आमिष तर निव्वळ थाप. अपंग मुलाला सांभाळणाऱ्यासाठीची, ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी १ लाख २५ हजारांची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. मुलाच्या सांभाळाला खर्च होतो एवढ्यावरच ती मिळते, ही पॉलिसी लागत नाही. शिवाय तुमचे पेन्शन आणि व्याज मिळून १२ लाखांच्या आत, म्हणजे नव्या प्रणालीत कर शून्य. वाचवायचे काय? आणि वारस म्हणून पॉलिसीत मुलाचे नाव घातले आहे. तुम्ही नसताना क्लेम फॉर्मवर सही कोण करणार, हे एजंटाला विचारून पाहा.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज एजंटाकडे देऊ नका, तो 'करतो' म्हणून मुदत घालवील. कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, पोच घ्या. मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांचे विम्याचे पैसे कापून बाकी हप्ता खात्यात येईल.