न्यूट्रिनोचं वस्तुमान शिकायचंय? आधी शेपूट बघ

अरे, काल दांडिया बाजारात तू न्यूट्रिनोचं, म्हणजे त्या अगदी हलक्या, विद्युतभार नसलेल्या कणाचं, वस्तुमान कसं शिकायचं विचारलंस तेव्हा घाईत होतो म्हणून आता नीट सांगतो. थेट पेपर वाचायला घेऊ नकोस, आधी ट्रिटियमच्या (किरणोत्सारी जड हायड्रोजन) बीटा स्पेक्ट्रमचा, म्हणजे त्याच्या क्षयातून कुठल्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन निघतात याचा, ग्राफ स्वतःच्या हाताने काढ. मी एमएससीला असताना दोनदा काढला, एकदा वस्तुमान शून्य धरून आणि एकदा १ ईव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं आणि कणांच्या वस्तुमानाचंही एकक) धरून, तर दोन्ही रेघा एकावर एक, फरक पेन्सिलीच्या जाडीतच गेला. मग १८.६ केईव्हीच्या, म्हणजे १८,६०० ईव्हीच्या, टोकाजवळचे शेवटचे ५ ईव्हीच मोठे करून काढले तेव्हा शेपूट वाकलेली दिसली आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं! न्यूट्रिनो पकडायचाच नसतो रे, तो इलेक्ट्रॉनसोबतच निघतो, त्याने नेलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या हिशोबात कमी पडते तेवढंच बघायचं. पण त्या शेवटच्या १ ईव्हीत साधारण ५ लाख कोटींतला एखादाच इलेक्ट्रॉन येतो, म्हणून तर जर्मनीत कार्लस्रुहला काट्रिन या न्यूट्रिनोचं वस्तुमान शोधणाऱ्या प्रयोगाचा स्पेक्ट्रोमीटर (इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणारं यंत्र) १० मीटर रुंद आहे. २०२५ मध्ये त्यांनी ०.४५ ईव्ही दिलं, ती वरची मर्यादा आहे, वस्तुमान नाही, यात सगळे गोंधळतात. आणि फिटमध्ये (मोजमापांवर वक्र बसवताना) वस्तुमानाचा वर्ग निगेटिव्ह आला तर घाबरू नकोस, एरर बार, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, बघ आधी. रविवारी ग्राफ घेऊन घरी ये, बसू निवांत.