टॅक्सीचालकाचाही नागालँड-प्रवेशाचा परवाना काढा: सोनारीत अडकलेले आमचे तीन दिवस

तुमची पोस्ट वाचताना 'गुवाहाटीहून टॅक्सी ठरवलीय, तीच शेवटपर्यंत ठेवणार' या वाक्यापाशी थांबले. आसाममधलं सुआलकुची, माजुली आणि मग नागालँडमधलं मोन, मोकोकचुंग, कोहिमा असं बारा दिवसांत करायचंय, कुठे किती मुक्काम ठेवावा आणि कारागिरांचं काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल, असं तुम्ही विचारलंय. मार्ग छान आखलाय. विमान, हॉटेलं, गरम कपडे यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला जमेलच. टॅक्सीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण २०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही चौघं याच मार्गाने निघालो होतो.

नागालँडसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतं हे तुम्हाला माहीत आहे, चौघांची काढायला घेतलीत. आणि ड्रायव्हरचं? ही पद्धत १८७३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे आणि बाहेरून येणाऱ्या भारतीयांना ती लागू आहे. आसामचा ड्रायव्हर तिथे तुमच्या-माझ्याइतकाच बाहेरचा. शिवाय गाडीची कागदपत्रं वेगळी बघतात.

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. आमचे परवाने ज्या कार्यालयातून काढले तिथे मी खिडकीवर विचारलं होतं. उत्तर मिळालं, 'ते गाडीवाला बघेल.' गाडीमालकाला फोन केला तर तो म्हणाला, 'आमच्या गाड्या नेहमी जातात, काही लागत नाही.' मी दोघांवर विश्वास ठेवला आणि निघाले. लेखी काही घेतलं नाही, ही माझी चूक. शुक्रवारी दुपारी आसाममधल्या सोनारीहून नागालँडच्या तिझित नाक्यावर पोचलो. आम्हा चौघांचे कागद बघून परत दिले आणि ड्रायव्हरदादांना बाजूला घेतलं. नाक्यावरची माणसं अतिशय सभ्यपणे बोलली, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण गाडी पुढे जाणार नव्हती.

सोनारीला परत आलो. शनिवार, रविवार सुट्टी. ऑनलाइन अर्ज भरला. सोमवारी त्याच कार्यालयाला सकाळपासून फोन लावत होते. कोणी उचलायचं, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगून ठेवायचं. चार वाजता 'उद्या बघू' असं कळलं. आजही ते आठवलं की चीड येते. तीन दिवस, गाडीचं भाडं चालूच, ड्रायव्हरदादा बिचारे अपराध्यासारखे बसलेले. पहिल्या दिवशी त्या खिडकीवरच्या माणसाने 'ड्रायव्हरचाही वेगळा अर्ज भरा' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं.

मंगळवारी पहाटे गाडी सोनारीतच ठेवली आणि मोनला जाणाऱ्या शेअर सुमोत बसलो. हे शुक्रवारी संध्याकाळीही करता आलं असतं की नाही ते माहीत नाही, पण शनिवारी सकाळी नक्की करता आलं असतं. गाडीचे पैसे भरलेत म्हणून मी हट्टाने थांबले. तुम्ही तसं करू नका. माझं स्पष्ट मत असं की गुवाहाटीची टॅक्सी आसामपुरती ठेवा आणि नागालँडसाठी तिथलीच गाडी घ्या. डोंगरातल्या रस्त्याची सवय असलेला ड्रायव्हर मिळतो, आणि गावात ओळख काढून देणारं माणूस बरोबर असतं.

अजून एक. मोनहून मोकोकचुंगला जाताना बहुतेक जण आसामच्या सपाटीवर उतरून पुन्हा वर चढतात, म्हणजे तुम्ही नागालँडमध्ये दोनदा शिरणार. आमच्या परवान्यावर जिल्ह्यांची नावं लिहिलेली होती. अर्जात सगळे जिल्हे घाला. (मी २०२२ चं सांगतेय. नियम बदलत असतात, निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर बघाच. माझ्या शब्दावर जाऊ नका.)

त्या तीन दिवसांनी काय हिरावलं ते सांगते. माझं माहेर येवल्याचं, खड्डामागाच्या आवाजात वाढले. मोनहून लोंगवा गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एका घराच्या ओट्यावर एक बाई शाल विणत होत्या. मागाला चौकटच नाही. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक भिंतीला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाची काठी पट्ट्याने कमरेला बांधलेली. त्या मागे रेलल्या की ताणा ताठ व्हायचा, पुढे झुकल्या की सैल. सगळा ताण त्यांच्या पाठीवर. असे अरुंद पट्टे विणून मग ते जोडून शाल होते, म्हणून नागा शालीला जोडाची शिवण असते, तो दोष समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ताणा घालणार होत्या, 'या बघायला' म्हणाल्या. आमच्याकडे सकाळ उरली नव्हती.

म्हणून मोनकडे निदान तीन रात्री ठेवा, आणि त्यांत रविवार येऊ देऊ नका. सगळे चर्चमध्ये असतात, दुकानं बंद. हिवाळ्यात दिवस साडेचार-पाचला मावळतो, तेव्हा प्रवास पहाटे सुरू करा. शाल घेताना कोणाची, कशासाठीची ते विचारा. मोकोकचुंगकडच्या आओ नागांच्या त्सुंगकोतेपसू या शालीवर मधल्या पांढऱ्या पट्ट्यात मिथुन (गव्यासारखं तिकडचं जनावर), हत्ती, माणसांची मुंडकी रंगवलेली असतात. पूर्वी ती पांघरण्याचा मान कमवावा लागायचा. सोफ्यावर टाकायला ती आणू नये असं मला वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकतं.

माजुलीत सामागुरी सत्राचे (वैष्णव मठाचे) मुखवटे सगळेच बघतात, जरूर बघा. बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत बुडवलेलं कापड, वर शेणमातीचा थर. पण माजुलीतल्याच सालमोरा गावाला अर्धा दिवस द्या. तिथे बायका चाकाशिवाय, नुसत्या हाताने थापून मडकी घडवतात. सुआलकुचीत मुगा (आसामचं सोनेरी रेशीम) घेताना यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा दुकानाआधी माग बघा.

निघायला किती दिवस उरलेत ते कळवा. ड्रायव्हरचं ओळखपत्र आणि फोटो मात्र आजच मागवून घ्या, तो नागालँडमध्ये येणार असेल तर.